जपानी भाषा : घरच्या घरी, रोज थोडी

पालघर तालुक्यातील सालवड हे गाव आज बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात मिसळून गेले आहे. येथे पाळीची वेळ झाली की रस्त्यावर एकाच वेळी अनेक भाषा कानी पडतात. स्थानिकांची वारली, वाडवळी व मांगेली, शाळा-कचेरीतील मराठी, बाजारातील हिंदी व गुजराती आणि परप्रांतीय कामगारांच्या बोली येथे एकत्र नांदतात. या परिसरातील मूल घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा व बाजारात तिसरी भाषा सहज वापरते. त्यांपैकी निदान एक भाषा त्याला कोणी वर्गात शिकविलेली नसते. ऐकून, पुन्हापुन्हा बोलून व गरजेपोटी ती त्याने आत्मसात केलेली असते. परकीय भाषेच्या स्वयंअध्ययनाचा विचार करताना हा अनुभव हाताशी आहे, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

प्रस्तुत लेखात जपानी भाषेचा विचार केला आहे. त्यास सबळ कारणे आहेत. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. जपानी शिंकानसेन तंत्रावर आधारलेल्या या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरील १२ नियोजित स्थानकांत बोईसरचा समावेश आहे. कुशल मनुष्यबळाविषयी भारत व जपान यांच्यात २०१७ व २०२१ मध्ये करार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये उभय देशांनी पाच वर्षांत पाच लाख व्यक्तींच्या देवघेवीचा आराखडा जाहीर केला व त्यात भारतातील ५०,००० कुशल व्यक्ती जपानला जाव्यात असे उद्दिष्ट ठेवले. कलेच्या क्षेत्रातील नाते याहूनही जुने आहे. जपानच्या निइगाता प्रांतातील तोकामाचि येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या मिथिला संग्रहालयात वारली चित्रांचाही संग्रह आहे, आणि वारली कलावंतांनी तेथे राहून चित्रे रंगविली आहेत.

तथापि भाषेची अडचण उरतेच. जपानीचे सुस्थापित वर्ग मुंबई-पुण्यात आहेत. बोईसरहून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या हे खरे. परंतु पाळीत काम करणाऱ्या तरुणाने किंवा आयटीआयच्या विद्यार्थिनीने आठवड्यातून तीनदा हा प्रवास करावा, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. अशा वेळी परदेशी नोकरीचे आमिष दाखविणारा एखादा मध्यस्थ ‘भाषेचे सारे आम्ही पाहतो’ असे सांगून मोठी रक्कम मागतो आणि कुटुंब कर्जात लोटले जाते. भाषा येते की नाही, हे मात्र पैसे भरल्यानंतरच कळते. हा क्रम उलटा झाला पाहिजे. आधी सहा महिने घरी अभ्यास करावा, स्वतःची कुवत व आवड तपासावी आणि मगच खर्चाचा निर्णय घ्यावा. मराठी माणसाला हे शक्य आहे.

मराठी भाषकाची जमेची बाजू

जपानी व मराठी या एका कुळातील भाषा नव्हेत. तरीही वाक्यरचनेत त्यांचे साम्य विलक्षण आहे. ‘मी रेल्वेने मुंबईला जातो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा देन्शा दे मुन्बाइ नि इकिमासु’ असे होते. वाताशि म्हणजे मी, देन्शा म्हणजे रेल्वेगाडी, ‘दे’ हा आपला ‘ने’, ‘नि’ हा आपला ‘ला’, आणि क्रियापद शेवटी. शब्दांचा क्रम जराही बदलत नाही. ‘वा’ हा प्रत्यय मात्र मराठीत नाही. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्यामागे तो लागतो. शिवाय जपानी क्रियापदाला लिंग, वचन व पुरुष यांचे बंधन नाही. जातो, जाते, जातात या सर्वांसाठी ‘इकिमासु’ हे एकच रूप चालते.

याहून उपयुक्त साम्य संयुक्त क्रियापदांत आहे. आपण ‘खाऊन पाहतो’ म्हणजे चव घेऊन बघतो. जपानीत ‘ताबेते मिरु’ म्हणतात. ताबेते म्हणजे खाऊन आणि मिरु म्हणजे पाहणे. ‘करून ठेवणे’ म्हणजे ‘शिते ओकु’; ओकु म्हणजे ठेवणे. ‘घेऊन येणे’ म्हणजे ‘मोत्ते कुरु’. कुरु म्हणजे येणे. इंग्रजीच्या वाटेने जपानी शिकणाऱ्याला ही रूपे पाठ करावी लागतात. मराठी विद्यार्थ्याला ती केवळ ओळखावी लागतात. ‘काल आलेला माणूस’ ही रचनाही ‘किनो किता हितो’ अशी त्याच क्रमाने येते. प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘का’ लागतो : ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा योगायोग असला तरी पहिल्याच दिवशी धीर देणारा आहे.

उच्चारांतही लाभ आहे. मराठीत ‘चहा’मधला च व ‘चूल’मधला च वेगळे आहेत. जपानीतही ‘ओचा’ म्हणजे चहा यातील च पहिल्यासारखा, आणि ‘त्सुनामी’ या शब्दाचा आरंभ चुलीतल्या च-सारखा. जपानी वर्णक्रम अ, इ, उ, ए, ओ व पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. यातील स-ओळीच्या जागी पूर्वी च-सारखा व ह-ओळीच्या जागी प-सारखा उच्चार होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे ध्यानात घेतल्यास हा क्रम आपल्या वर्णमालेचाच ठरतो. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपी व संस्कृत वर्णविचार जपानात नेला, त्याचा हा ठसा होय.

दोन ठिकाणी मात्र दक्षता हवी. ऱ्हस्व-दीर्घाने जपानीत अर्थ बदलतो : ‘ओजिसान’ म्हणजे काका किंवा मामा, तर ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. द्वित्वानेही बदलतो : ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. मराठीत ‘दिली’ व ‘दिल्ली’ यांत जो फरक आपण सहज करतो, तोच येथे करावयाचा आहे.

रोजच्या माध्यमांचा उपयोग

माध्यमांतून भाषा शिकण्याचा एक मोठा प्रयोग जपाननेच केला. युद्धानंतर फेब्रुवारी १९४६ मध्ये जपानी आकाशवाणीवर हिराकावा तादाइचि यांनी इंग्रजी संभाषणाचे धडे सुरू केले. धडा १५ मिनिटांचा असे, विषय घरगुती असत आणि सुरुवातीचे गाणे एका जपानी बालगीताच्या चालीवर बांधलेले होते. उद्ध्वस्त देशातील असंख्य कुटुंबांनी रेडिओभोवती बसून इंग्रजीचे पहिले शब्द उच्चारले. या यशाचे मर्म तीन गोष्टींत होते : ठरलेली वेळ, छोटा धडा व मोठ्याने उच्चार. आपल्या विद्यार्थ्यानेही हेच मर्म धरावे.

आज साधनांची वाण नाही. एनएचके वर्ल्ड-जपान या आंतरराष्ट्रीय प्रसारण सेवेने सोप्या जपानीचे धडे हिंदीतूनही दिले आहेत. जपान फाउंडेशनची ‘इरोदोरी’ ही पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रणासह इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. जपानमध्ये राहून काम करताना लागणारी भाषा, म्हणजे दुकान, दवाखाना, कामाची जागा व शेजार, हाच त्यांचा विषय आहे. मोबाइल प्रत्येक घरी पोहोचला आहे. प्रश्न त्याचा वापर कशासाठी होतो एवढाच आहे.

जपानी चित्रपट व व्यंगपट यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे. १९८९ साली जपानमध्ये तयार झालेली मोगलीची मालिका दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीतून आली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. आजची मुले ‘डोरेमॉन’ही हिंदीतच पाहतात. हिंदी ध्वनी दिलेल्या चित्राने गोष्ट कळते, भाषा येत नाही. अभ्यासासाठी मूळ जपानी ध्वनी हवा व प्रसंग दोन-तीन मिनिटांचाच असावा. तो एकदा केवळ ऐकावा, दुसऱ्यांदा खालील मजकूर वाचत ऐकावा आणि तिसऱ्यांदा पात्राच्या पाठोपाठ मोठ्याने बोलावा. यात एक धोका आहे. व्यंगपटातील वीरपुरुष ‘ओमाए’ म्हणजे ‘अरे तू’ व ‘ताबेरो’ म्हणजे ‘खा!’ अशा भाषेत बोलतात. कारखान्यातील वरिष्ठांशी कोणी असे बोलला, तर तो उद्धट ठरेल. तेथे ‘ताबेते कुदासाइ’ असे आदरार्थी रूप लागते. तू, तुम्ही व आपण यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कोणते रूप कोठले, एवढे टिपून ठेवावे.

कारखान्याची भिंत हेही एक माध्यमच आहे. देशातील अनेक कारखान्यांत ‘पाच एस’चे फलक लावलेले असतात. ते मूळ जपानी शब्द आहेत : सेइरि म्हणजे नको ते वेगळे काढणे, सेइतोन म्हणजे जागच्या जागी ठेवणे, सेइसो म्हणजे सफाई, सेइकेत्सु म्हणजे ती घडी कायम राखणे आणि शित्सुके म्हणजे शिस्त. हे शब्द ज्याच्या रोज डोळ्यांसमोर आहेत, त्याचा शब्दसंग्रह शून्यापासून सुरू होत नाही. त्यात इंग्रजीतून जपानीत गेलेल्या शब्दांची भर पडते : बस म्हणजे बासु, टेबल म्हणजे तेबुरु, हॉटेल म्हणजे होतेरु.

सहा महिन्यांचा क्रम

पहिला महिना लिपीस द्यावा. हिरागाना व काताकाना या दोन लिप्यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६ आहेत. रोज ४ अक्षरे घेतल्यास एक लिपी १२ दिवसांत पुरी होते व महिनाअखेरीस उजळणीस आठवडा उरतो. जपानी शब्द देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय पहिल्या महिन्यानंतर मोडावी. नाही तर डोळा परक्या लिपीला कधीच सरावणार नाही.

दुसऱ्या महिन्यापासून रोज ४० मिनिटे पुरेत : १५ मिनिटे श्रवण, १० मिनिटे मागोमाग उच्चार, १० मिनिटे लेखन व ५ मिनिटे उजळणी. रोज पाचच नवे शब्द वाक्यासह वहीत उतरावेत. ते दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या व तिसाव्या दिवशी न पाहता आठवून लिहावेत. पाळी बदलली तर वेळ बदलावी, पण दिवस चुकवू नये. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजची ४० मिनिटे अधिक फळ देतात.

कांजि म्हणजे चित्राक्षरे पाहून पुष्कळजण माघार घेतात. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजि आहेत. त्यांतील १,०२६ शिकण्यास जपानी मुलालाही प्राथमिक शाळेची सहा वर्षे लागतात. तेव्हा घाई नको. रोज दोन अक्षरे घ्यावीत व त्यांतील युक्ती ओळखावी. झाडाचे एक चिन्ह म्हणजे झाड, दोन चिन्हे शेजारी म्हणजे राई, तीन म्हणजे अरण्य. वारली चित्राची रेषा ज्याने वाचली आहे, त्याला हा विचार परका वाटू नये.

सहा महिन्यांनंतर परीक्षेचा विचार करावा. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी. मुंबई व पुणे येथे तिची केंद्रे आहेत. २०१९ पासून जपानने सुरू केलेल्या विशिष्ट कुशल कामगार योजनेत सामान्यतः एन-४ किंवा तत्सम पातळी लागते. या प्रावीण्य परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, हे विसरू नये. केवळ प्रमाणपत्र मिळविलेला व तोंड न उघडणारा उमेदवार कामाच्या जागी अडतो. म्हणून मोठ्याने बोलणे हा अभ्यासाचा गाभा समजावा.

गावाने काय करावे

स्वयंअध्ययन एकट्याचे असले तरी त्यास आधार लागतो. ग्रामपंचायत, शाळा किंवा सार्वजनिक ग्रंथालय यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली, एक फळा व एक ध्वनिक्षेपक उपलब्ध करून दिला, तर पाच-सहा जणांचे अभ्यासमंडळ उभे राहू शकते. त्यात शिक्षकाला जपानी यावीच असे नाही. हजेरी घेणे, वह्या पाहणे, जोड्या लावून संवाद म्हणवून घेणे व मराठी व्याकरणाशी तुलना करून दाखविणे ही कामे भाषेचा कोणताही चांगला शिक्षक करू शकेल. पुण्यात जपानीच्या अध्यापनाची मोठी परंपरा आहे. तेथील अनुभवी अध्यापकांचे महिन्यातून एकदा दूरस्थ मार्गदर्शन घेता आले, तर उच्चारांतील दोष वेळीच दूर होतील.

पंचायत सदस्यांनी आणखी एक काम करावे. परदेशी नोकरीच्या नावाखाली गावात येणाऱ्या मध्यस्थाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत आहे की नाही, हे पाहण्याची सोय कार्यालयात करून द्यावी. ज्या तरुणाला करारातील चार ओळी स्वतः वाचता येतात आणि पगार, निवास व सुट्टी यांविषयी चार प्रश्न स्वतः विचारता येतात, त्याची फसवणूक करणे कठीण होते.

सहा महिन्यांच्या अभ्यासाने सर्वांनाच जपानला जाता येईल असे नाही, आणि सर्वांनी जावे असेही नाही. परंतु जो जाईल तो डोळसपणे जाईल, आणि जो राहील त्याच्यापाशी एक नवी भाषा व रोज शिकण्याची सवय राहील. सालवडच्या ज्या मुलाने बाजारात ऐकून हिंदी आत्मसात केली, त्याच्या अंगी ही शक्ती आहेच. तिला रोजची ४० मिनिटे, एक वही व गावातील एक खोली मिळवून देणे आपल्या हाती आहे.