जर्मनीत एमएस: फी नाही, पण खर्च आहे

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनीअर असून सीजीपीए ८.२ आहे. जर्मनीत शिक्षण फुकट असते म्हणतात. वडील शेती करतात. तयारी कुठून सुरू करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४पासून शुल्क लावले आहे.

खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवतात. तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. हे पैसे तुमचेच राहतात, पण आधी उभे करावे लागतात. म्हणून शैक्षणिक कर्जाबद्दल बँकेत आत्ताच चौकशी करा. तिथल्या अर्धवेळ नोकरीच्या भरवशावर जमीन गहाण टाकू नका.

पहिले काम एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे तुमच्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे. त्याशिवाय व्हिसा अडतो, आणि त्याला वेळ लागतो. नंतर गुण जर्मन पद्धतीत बदलून पाहा. कमाल १० आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ धरली, तर १० वजा ८.२ म्हणजे १.८; त्याला ६ ने भागून ३ ने गुणा, १ मिळवा: १.९. तिथे १ सर्वोत्तम, त्यामुळे तुमचे गुण चांगलेच आहेत.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन आजपासून शिका. पुढे नोकरी शोधताना तीच भाषा उपयोगी पडेल.