जुने वेल्डिंग मशीन: ठेवावे की बदलावे?

प्रश्न: घराच्या मागच्या पडवीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, त्यानंतर एका गॅरेजवाल्याकडून तेलाचे जुने वेल्डिंग मशीन स्वस्तात घेतले. सिंगल फेजवर चालते, हलवायला दोन माणसे लागतात. कुळागरातल्या पंपाचे स्टँड, गेट, ग्रिल, पॉवर टिलरची डागडुजी एवढेच काम, तेही रविवारी. हल्ली रॉड सारखा चिकटतो, पातळ चौकोनी पाइपाला भोक पडते आणि मशीन लावले की घरातले दिवे मंद होतात. दुकानदार म्हणतो, इन्व्हर्टर मशीन घ्या, बिल निम्म्यावर येईल. खरे का? जुने विकू की दुरुस्त करू?
– एक वाचक, कारापूर (डिचोली)

उत्तर: मशीन बदला, पण दुकानदार सांगतो त्या कारणासाठी नको. त्याचे कारण आधी निकालात काढू.

तुम्ही ३.१५ मि.मी.चा रॉड १०० अँपिअरवर जाळता तेव्हा आर्कवरचा दाब साधारण २४ व्होल्ट असतो. म्हणजे प्रत्यक्ष आर्कमध्ये सुमारे २.४ किलोवॉट खर्च होतात. ते दोन्ही मशीनना सारखेच लागतात; मशीन नवे म्हणून लोखंड कमी उष्णतेत वितळत नाही. फरक पडतो तो मशीनच्या पोटात वाया जाणाऱ्या विजेचा. जुने मशीन मीटरवर साडेतीन किलोवॉटच्या आसपास घेत असेल, तर चांगले इन्व्हर्टर तीनच्या आसपास. रविवारभर काम केले तरी आर्क पेटलेला वेळ तासाभराच्या वर क्वचितच जातो, बाकीचा वेळ मापे घेण्यात, कापण्यात आणि ग्राइंडर मारण्यात जातो. म्हणजे बचत आठवड्याला अर्धा युनिट. मशीन चालू ठेवून जेवायला जायची सवय असेल तर थोडी जास्त. निम्मे बिल दिवसभर फॅब्रिकेशन करणाऱ्याचेही होणार नाही.

दिवे मंद होतात ते मात्र खरे दुखणे आहे, आणि ते युनिटांत दिसत नाही. तुमचे मशीन रॉड टेकण्यापूर्वी होल्डरवर सुमारे ७० व्होल्ट देते असे धरू. वेल्डिंगला १०० अँपिअर घेतले, की ७० गुणिले १०० म्हणजे ७००० व्होल्ट-अँपिअर. त्याला २३० ने भागा: घराच्या तारेतून ३० अँपिअर वाहतात. तुमचे तेलाचे मशीन म्हणजे एक ट्रान्सफॉर्मरच; अशा जुन्या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टर वाईट असल्यामुळे यातला बराच प्रवाह नुसता ये-जा करतो. घरगुती मीटर त्याचे पैसे लावत नाही, पण तार, फ्यूज आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर यांना तो सोसावा लागतोच. त्याच कामाला इन्व्हर्टर १९-२० अँपिअर घेतो.

आता घर लाइनच्या टोकाला असेल, आणि संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू असतील, तर २३० चे १८० व्होल्ट होणे काही नवलाचे नाही. ट्रान्सफॉर्मर हिशेबाला पक्का असतो: आत जितके कमी, बाहेर तितकेच कमी. ७० चे ५५ झाले की आर्क धड पेटत नाही आणि रॉड चिकटतो. म्हणून पहिली चाचणी फुकटातली आहे. दुसऱ्या कोणाला बोर्डावर मल्टिमीटर धरायला सांगा आणि आर्क चालू असताना आकडा वाचायला लावा. तो २०० च्या खाली जात असेल तर निम्मा दोष मशीनचा नाहीच.

दुसरी चाचणी हाताने करायची. पाच-सहा रॉड सलग जाळा, मशीन बंद करून प्लग काढा आणि केबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचपून पाहा. केबल सगळीकडे सारखी कोमट असेल तर ठीक. पण होल्डरच्या मुठीपाशी, लगच्या नटापाशी किंवा अर्थ क्लॅम्पपाशी एखादीच जागा हात ठेववत नाही इतकी तापली असेल, तर तुमचे व्होल्ट तिथे जळतात. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती वर्कशॉपांत अर्थ म्हणजे केबलच्या टोकाला बांधलेला सळईचा तुकडा असतो. तो कामावर नुसता टाकून दिलेला, खाली गंज आणि रंग. स्प्रिंगचा चांगला क्लॅम्प आणा, तो चिकटवायची जागा ग्राइंडरने चकचकीत करा, होल्डर बदला. नव्या मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही, आणि नवे मशीन आणले तरी हे सगळे लागणारच आहे.

तिसरा संशयित रॉड. गोव्यात पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि उघडे पाकीट पडवीतल्या फळीवर पडून असते. ६०१३ जातीचा साधा रॉडही ओला झाला की तडतडतो, ठिणग्या उडवतो, टाक्यात बारीक छिद्रे ठेवतो. त्याला सुमारे १०० अंश सेल्सिअसवर तासभर सुकवले की पुष्कळ सुधारतो. ७०१८ जातीचा, म्हणजे टिलरच्या फाळासारख्या ताण येणाऱ्या कामाचा रॉड असेल तर ३०० अंशांच्या वर तापवावे लागते, कारण त्याच्या लेपातल्या ओलाव्याचा हायड्रोजन टाक्याजवळच्या लोखंडात शिरून नंतर तडा पाडतो. म्हणजे टिलर शेतात उतरल्यावर! नवे बंद पाकीट, साफ अर्थ, सकाळचे व्होल्टेज, असे एकदा करून पाहा. चिकटणे थांबले तर मशीनला उगाच दोष दिलात.

पातळ पाइपाला भोक पडते, तिथे मात्र मशीन खरेच दोषी आहे; दोषी म्हणजे, ते त्या कामाचे नाहीच. खाणपट्ट्यातल्या गॅरेजमध्ये अशी मशीन टिपरची बॉडी आणि चॅसिस जोडायला ठेवलेली असत, ४ मि.मी.चा रॉड दिवसभर ओढायला. १६ गेजचा पाइप दीड मिलिमीटरचा. त्याला २ किंवा २.५ मि.मी.चा रॉड आणि ५०-६० अँपिअर पुरतात. तुमच्या मशीनची सर्वांत खालची पायरीच त्याच्या वर असण्याची शक्यता मोठी. शिवाय एसी प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून कमी अँपिअरवर आर्क अडखळतो. इन्व्हर्टर डीसी देतो, आर्क स्थिर राहतो, बटण फिरवून हवे तेवढेच अँपिअर घेता येतात. गेट आणि ग्रिल हेच तुमचे मुख्य काम असल्याने एवढे एक कारणही पुरेसे झाले असते.

पण माझ्या मते याहून मोठे कारण तुम्ही प्रश्नात लिहिलेलेच नाही: पाऊस. तेलाच्या मशीनचा होल्डर, काम चालू नसतानाही, ७०-८० व्होल्ट एसी घेऊन बसलेला असतो. कोरड्या जमिनीवर, बूट आणि कोरडे चामडी हातमोजे घालून हे चालून जाते. जुलैत चिऱ्यांच्या ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या शर्टात, हातमोजा काढून रॉड बदलताना ते चालत नाही. वेल्डिंग मशीनचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०९७४-१, हेच सांगते: कोरड्या जागी एसीला ८० व्होल्टपर्यंत परवानगी, ओल्या आणि अडचणीच्या जागी फक्त ४८. डीसीला दोन्हीकडे ११३, कारण हात होल्डरला जखडून ठेवण्याची एसीची खोड डीसीत बरीच कमी आहे. आणि घरात आरसीसीबी (धक्का बसला की वीज तोडणारा स्विच) बसवला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वेल्डिंगचे वेटोळे मुख्य विजेपासून वेगळे असते, त्यामुळे होल्डरच्या धक्क्याला घरातला आरसीसीबी उडत नाही.

तेव्हा नवे घेताना रंग आणि डब्यावरचा मोठा आकडा सोडा, पाठीमागची पाटी वाचा. चौकोनात इंग्रजी ‘एस’ हे अक्षर छापले असेल तर मशीन ओल्या जागेच्या नियमात बसते. व्हीआरडी असेल तर आणखी चांगले. आर्क नसताना ते होल्डरवरचे व्होल्टेज आपोआप उतरवते. आयपी २१ म्हणजे छपराखालीच, आयपी २३ ला थोडी पावसाची झड चालते. इनपुट किती व्होल्टपासून चालतो तेही बघा. तुमच्या मल्टिमीटरने जो आकडा दाखवला त्याच्या खाली ते गेले पाहिजे.

सगळ्यात जास्त फसवणूक ड्युटी सायकलमध्ये होते. दहा मिनिटांतली किती मिनिटे मशीन त्या प्रवाहावर चालेल, ते यात कळते. १६० अँपिअर ३० टक्के असे लिहिले असेल तर अखंड चालण्यासाठी ते जेमतेम ८८ अँपिअरचे मशीन आहे. हा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला हवा. २५ अंशांवर मोजला असेल तर एप्रिलमध्ये पत्र्याखाली त्याला अर्थ उरत नाही. डब्यावर ‘२००’ लिहिलेले आणि पाटीवर ड्युटी सायकलच नसलेले मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. तीन-चार कामे एकत्र करणारी, वायर ढकलणारी मशीनही तुमच्या रविवारच्या कामाला नकोत. वापर नसला की आपल्या हवेत वायरचे रीळ गंजते.

इन्व्हर्टर नवलाचा राहिलेला नाही. फिनलंडच्या केम्पी कंपनीने १९७७ मध्येच इन्व्हर्टरवर चालणारे वेल्डिंग मशीन बाजारात आणले होते. पण त्याची तब्येत नाजूक असते, हे दुकानात कोणी सांगत नाही. आतला पंखा हवेबरोबर ग्राइंडरचा लोखंडी चुरा ओढतो, तो कार्डावर बसतो, पावसाळी दमटपणात त्यातून शॉर्ट होतो. पाली आणि मुंग्यांना आतली ऊब आवडते. म्हणून ग्राइंडर त्याच्यापासून दूर चालवा, काम संपले की मशीन घरात आणून ठेवा (पाच-सहा किलोचे असते, एका हाताने येते), महिन्याकाठी हलक्या हवेने फुंका आणि वीज कडाडू लागली की प्लगच उपटा. तेलाचे मशीन म्हशीसारखे पावसात उभे राहिले तरी कुरकुरत नाही; इन्व्हर्टरकडून ती अपेक्षा ठेवू नये. घेताना डिचोली, साखळी किंवा म्हापशात त्याचे कार्ड बदलून देणारा माणूस आहे का ते आधी विचारा. नसेल तर दुसरी कंपनी बघा.

जाता जाता एक: शेजाऱ्यांची कामे पैसे घेऊन करत असाल तर घरगुती जोडणी चालणार नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली ते अनधिकृत वापरात मोडते आणि आकारणी दुप्पट दराने होते.

राहिले जुने मशीन. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडे इन्सुलेशन तपासायचा मेगर असतो. त्याच्याकडून ५०० व्होल्टवर वेटोळ्यांची आणि बॉडीची तपासणी करून घ्या, आणि आतली वाइंडिंग तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची तेही विचारा. तांब्याची असेल आणि रीडिंग कित्येक मेगओहम आले, तर विकू नका: उन्हाळ्यात जाड अँगल आणि टिलरसाठी ४ मि.मी.चा रॉड ओढायला ते नव्यापेक्षा बरे. पावसाळ्यात मात्र त्याला हात लावू नका. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आले तर दुरुस्तीवर पैसे न घालता भंगारात द्या, तांब्याचा भाव वेगळा मागून घ्या, आणि देण्यापूर्वी तेल काढणार असाल तर ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. वाळवंटीच्या पात्रात किंवा कुळागरातल्या पाटात ते ओतू नका.