लेखापरीक्षणाचा क्रम आणि जोखमीचे मोजमाप

अंतर्गत लेखापरीक्षणाची पथके थोडी आणि कार्यालये फार, ही अडचण जुनीच आहे. त्यामुळे ज्या कार्यालयाच्या मागील तपासणीस अधिक काळ लोटला, त्याची पाळी आधी, असा प्रघात पडतो. तो सोयीचा खरा. परंतु पैसा कोठे निसटतो याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

जोखीम ठरविताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. चूक अथवा अपहार घडण्याचा संभव किती, आणि घडल्यास हानी किती? दोहोंस १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करावा. समजा, एका कार्यालयात वेतनापोटी मोठी रक्कम खर्ची पडते, पण देयके दोन ठिकाणी तपासली जातात. संभव २, हानी ५, गुण १०. दुसऱ्या लहान कचेरीत एकच लिपिक पावती फाडतो, रोखवही लिहितो आणि भरणाही करतो. संभव ५, हानी ३, गुण १५. पथकाने आधी दुसरीकडे जावे. केवळ अंदाजपत्रकाचा आकार पाहून क्रम लावणाऱ्यांस हे सहसा रुचत नाही.

डिचोली तालुक्याचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. लोहखनिजाच्या स्वामित्वधनाची आकारणी वजन व प्रत यांवर अवलंबून असते. चलन आणि रोखवही यांचा मेळ बसला, तरी काट्यावरील वजन किंवा दाखविलेली प्रत खोटी असल्यास महसूल बुडतो आणि वह्यांत त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून येथे वाहतूक परवाने, काट्याच्या नोंदी व धक्क्यावरील नोंदी परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम स्थगित झाले, तेव्हा जोखीम संपली नाही. ती साठलेल्या खनिजाच्या मोजणीत आणि पुढे त्याच्या ई-लिलावात जाऊन बसली.

पेडणे तालुक्यात तिळारीच्या कालव्यांची कामे आहेत. मातीखाली गेलेले काम मागाहून मोजता येत नाही; मोजमाप पुस्तिकेवरच विसंबावे लागते. तेथे काम चालू असतानाच तपासणी व्हावी. मोप येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा बदलानंतर बांधकाम परवान्यांचे शुल्क घेणाऱ्या आसपासच्या पंचायतींचे जुने गुण तसेच पुढे ओढणे योग्य नव्हे.

कमी गुणांची कार्यालये मात्र अजिबात वगळू नयेत. त्यांतील काही दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडावीत व तेथे पूर्वसूचनेवाचून जावे.