कुलूप पत्राला, किल्ली कोणाकडे?

भिलाईतील रुआबांध्याहून नागपूरला पोस्टकार्ड पाठवले, तर वाटेत ज्याच्या हाती ते पडेल त्याला ते वाचता येते. अंतर्देशीय पत्र मात्र घडी घालून चिकटवलेले असते. ई-मेलमध्येही कधी आजाराचा अहवाल असतो, कधी बँकेचा व्यवहार. तो इतरांनी वाचू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला.

बहुतेक ई-मेल सेवांत मजकूर वाटेत कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात असतो. परंतु तो उघडण्याची किल्ली कंपनीकडेही असते. याउलट काही सेवांत पत्र पाठवणाऱ्याच्या संगणकावरच कुलूपबंद होते आणि ते केवळ स्वीकारणाऱ्याकडेच उघडते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी 'पीजीपी' या प्रणालीद्वारे ही सोय सामान्य माणसाला उपलब्ध करून दिली. स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आणि जर्मनीची टुटा या अशाच सेवा होत.

सेवा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, किल्ली कोणाकडे राहते? ती केवळ वापरणाऱ्याकडे असेल, तर पासवर्ड जपण्याची जबाबदारीही त्याचीच. पासवर्ड आणि तो परत मिळवण्याची खूण दोन्ही हरवल्यास जुनी पत्रे कायमची बंद होतात. म्हणून ही खूण कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवावी.

दुसरी, पत्र कोणाला जाते? स्वीकारणारा साधी सेवा वापरत असल्यास हे कुलूप आपोआप लागत नाही. पत्राला वेगळा पासवर्ड लावून तो दूरध्वनीवर कळवावा लागतो.

तिसरी, पाकिटावर काय दिसते? पाठवणारा, स्वीकारणारा आणि वेळ यांची माहिती कंपनीला मिळतेच. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषयही या कुलपाबाहेर राहतो; टुटामध्ये तो झाकलेला असतो. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील कायदेशीर आदेशामुळे प्रोटॉनला फ्रान्समधील एका कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, द्यावा लागला. पत्रांतील मजकूर मात्र कंपनीलाही उघडता येत नव्हता.

तात्पर्य, 'सुरक्षित' या शब्दावर विसंबून न राहता काय झाकले जाते आणि काय उघडे राहते, हे जाणूनच निवड करावी.

स्वाध्याय
१. पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्र यांतील फरक ई-मेलला कसा लागू पडतो?
२. किल्ली स्वतःकडे असण्याचा एक लाभ व एक जबाबदारी लिहा.