पडदा सार आणि आत जा

अगं, तुझा निरोप वाचला. तोक्योत पोचलीस, हॉटेलमागच्या गल्लीत सुशीचं छोटंसं दुकान दिसलं, दारावरून तीनदा गेलीस आणि शेवटी खोलीत बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाल्लीस. मी इथे तोक्योत, निशी-कासाईला राहायला आले तेव्हा माझंही हेच झालं होतं बघ. सरकतं लाकडी दार, आतलं काही दिसत नाही, बाहेर भावाची पाटी नाही. हे आपल्यासाठी नाहीच, असं वाटतं. आहे गं, तुझ्यासाठीही आहे.

दारावरच्या कापडी पडद्याला नोरेन म्हणतात. तो बाहेर लटकलाय म्हणजे दुकान उघडं. आत शिरलीस की "इराश्शाइमासे!" अशी हाक येईल. दोन बोटं दाखव, की तू आणि सासूबाई अशा दोघी आहात हे कळतं. जमलं तर काउंटरलाच बस. समोर सुशी वळत उभे असतात ते तैशो, त्यांना हाकही तीच मारायची. गरम ओला रुमाल देतील, तो हातांसाठी. तोंड पुसू नकोस.

पैशांची धास्ती वाटते ना? रास्त आहे. काही माशांपुढे आकडाच नसतो, 'जिका' लिहिलेलं असतं, म्हणजे बाजारात आज असेल तो भाव. म्हणून पहिल्याच खेपेला सुटं मागवत बसू नकोस. ओमाकासे, म्हणजे "तुम्हीच काय ते ठरवा", तेही किंमत आधी कळल्याशिवाय नको. ठरलेल्या किमतीचं निगिरीचं, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या सुशीचं, ताट घे. बऱ्याच ठिकाणी त्याच्या नामी, जो आणि तोकुजो अशा चढत्या प्रती असतात. मधली 'जो' घे.

आणि कच्च्या माशाचं म्हणशील तर, खरं सांगू का, सगळं कच्चं नसतंच मुळी. एबी म्हणजे कोळंबी, ती बहुतेकदा उकडलेली. अनागो हा वामसारखा मासा, तो शिजवलेला. साबा तर आपल्या बांगड्याच्याच कुळातला, मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला. सुमारे 200 वर्षांपूर्वी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, निगिरी गाड्यांवर विकायचे. तेव्हा फ्रीज कुठला? मासा टिकावा म्हणून मुरवायचे, उकडायचे, सोया सॉसमध्ये ठेवायचे. ती हातोटी अजून आहे. आणि गाडीवरचंच खाणं ते, त्यामुळे चॉपस्टिक्स जमत नसतील तर खुशाल हाताने खा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा निगिरी भाताच्या बाजूने सोया सॉसमध्ये बुडवली. भात सुटला, वाटीत काळा चिखल झाला, मला अगदी रडू फुटायच्या बेताला आलं. म्हातारे तैशो एक शब्द बोलले नाहीत. नवी निगिरी वळून माझ्यापुढे ठेवली, आणि स्वतःचा तळहात हवेत आडवा धरून हळूच उलटा केला: मासा खाली, भात वर. मी तसं केलं. फक्त माशाची कड ओली झाली. भात अजून अंगाइतका कोमट होता आणि मासा गार. तोंडात गेल्यावर भाताचं शीत न् शीत मोकळं झालं. तेव्हापासून मी त्या चवीच्या प्रेमात आहे गं.

म्हणून एवढं मात्र माझं ऐकच: पुढ्यात आली की लगेच खा, एका घासात. तव्यावरचा फुलका आई ताटात टाकते आणि आपण फोनवर बोलत बसतो, तेव्हा तिला कसं वाटतं? तैशोंचंही तेच. फोटो हवा तर विचारून एकच काढ. वरून सॉस आधीच लावलेला असेल तर पुन्हा बुडवू नकोस. आल्याचे काप दोन घासांच्या मध्ये खायचे, सुशीवर ठेवून नाही. वासाबी झोंबत असेल तर आधीच "साबी-नुकी", म्हणजे वासाबीशिवाय, म्हण.

सासूबाई शाकाहारी आहेत ना? त्यांना माकी, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, मागव: काकडीची काप्पा-माकी आणि लोणच्याची ओशिंको-माकी. काम्प्यो-माकीही असते; काम्प्यो म्हणजे दुधीच्याच जातीच्या वाळवलेल्या पट्ट्या, सोया-साखरेत शिजवलेल्या. पण शिजवताना माशाचं पाणी, 'दाशी', घालतात का ते विचार. मिसो सूपमध्ये आणि अंड्याच्या तामागोत ती बहुधा असतेच, तेव्हा ते त्यांना देऊ नकोस.

निघताना "ओकाइकेइ ओनेगाइशिमासु" म्हणून बिल माग. टिप द्यायची नाही. रोख पैसे मात्र जवळ असू देत, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. आणि जेवणाबद्दल आभार म्हणून दारातून "गोचिसोसामा देशिता" म्हण. उच्चार चुकला तरी म्हण.

रविवारी जाऊ नकोस हं, तोयोसूचा मासळीबाजार बंद असतो. उद्याच जा. अत्तर लावू नकोस, शेजारच्याच्या माशाचा वास मरतो. आणि बसण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढून पर्समध्ये टाक. ते काउंटरचं पांढरं लाकूड रोज हाताने घासून पुसलेलं असतं, त्याला ओरखडा नको.