मोबाइलवर नेट चालतं, संगणकावर नाही

प्रश्न : करमाडला माझं सेवा केंद्र आहे. संगणकावर वेगळी फायरवॉल टाकली आहे. कालपासून त्याच वायफायवर मोबाइल चालतो, संगणकावर एकही साइट उघडत नाही. सातबारासाठी शेतकरी खोळंबलेत. काय करू?

उत्तर : मोबाइल चालतोय, म्हणजे राउटर आणि लाइन ठीक आहे. फायरवॉल दोनच मिनिटं बंद करून पाहा. साइट उघडली तर दोष तिच्या नियमांत. बऱ्याचदा ब्राउझर अपडेट होतो आणि फायरवॉलला तो अनोळखी वाटतो; अडवलेल्या प्रोग्रामांच्या यादीत जाऊन परवानगी द्या. तरीही अडलं तर फायरवॉलने पोर्ट ५३ अडवलंय का ते पाहा. साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी विचारणा तिथूनच जाते. तपासून झालं की लगेच फायरवॉल चालू करा, तुमच्याकडे लोकांची आधारची कागदपत्रं असतात! बंद करूनही नेट आलं नाही, तर वेगळी टाकलेली फायरवॉल काढून टाका, विंडोजची फायरवॉल चालू ठेवा आणि सेटिंग्जमधून ‘नेटवर्क रीसेट’ करा.