कॉलेज संपलं, हप्ता कधीपासून?

प्रश्न : मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी शहापूरच्या बँकेतून शैक्षणिक कर्ज काढलं. जूनमध्ये शिक्षण संपलं, नोकरी अजून नाही. हप्त्याचं कॉलेज कळवेल ना? कर्ज फिटेपर्यंत मार्कशीट अडकवतील का?
– एक पालक, उंबरमाळी

उत्तर : दादा, कॉलेजची वाट पाहू नका. हा व्यवहार बँक आणि तुमच्यातला. मार्कशीटचीही धास्ती नको. कॉलेजांनी मूळ कागद अडकवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2018 मध्येच बजावलंय.

साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. मंजुरीपत्रात तारीख बघा. मुलीला घेऊन शाखेत जा, हप्त्यांचं वेळापत्रक मागा, खात्यावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना तेही बघा. जुन्या सिमवर मेसेज जातात आणि घरी पत्ताच नसतो! हप्ता सुरू होईपर्यंत नोकरी लागली नाही, तर मुदतवाढीचा अर्ज हप्ता थकण्याआधी द्या, पोच घ्या. थोडंफार व्याज आताच भरता आलं तर उत्तम.

हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. सहकर्जदार म्हणून तुमचाही सिबिल स्कोअर बिघडतो. उद्या ट्रॅक्टरचं कर्ज अडेल. ‘कर्ज माफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.